चिंचेनं घासलेलं पदक

दुपारी डोळा लागला की सासरे दिसतात. अनवाणी, ओल्या गवतावर, चेंडू काठीला चिकटलेला. पळतात, पण पावलांचा आवाज येत नाही.

फार जुन्या काळी ते ऑलिंपिकला हॉकी खेळून सोन्याचं पदक घेऊन आले. बोटीनं गेलते. विचारलं तर म्हणायचे, "निम्मा प्रवास वकाऱ्या काढण्यात गेला की. खेळ त्यापरास सोपा." पुढं जन्मभर साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलल्या. म्हातारपणी आमच्याकडंच राहायचे.

खंडेनवमीला माझे फौंड्रीतले पान्हे, हातोडा पूजेला मांडायचो. शेजारी त्यांची हॉकी अन् पदक. पदक माझी बायको चिंचेनं घासायची, देवाच्या तांब्यासारखं. एकुलती लेक, तिचाच मान. एका वर्षी घासता घासता सोनं निघालं, आतली चांदी वर आली. वर नुसता मुलामा असतो हे तिला कुठं ठाऊक! मोरीतच बसून रडली.

"आवो, आबांच्या जल्माची कमाई धुऊन टाकली मी. त्यास्नी सांगशिला तर माझी शप्पत हाय."

सासऱ्यांना मोतीबिंदू. त्यांनी पदक हातात घेतलं, अंगठा फिरवत राहिले, नजर कुठल्यातरी लांबच्या पाण्यावर. ती नैवेद्य आणायला आत गेली तसे हळूच म्हणाले, "पावणं, सोनं गेलं न्हवं?"

मी मांडलेले पान्हे उगाच सरळ करायला लागलो.

"आत चांदी हाय ते आमाला बोटीवरच कळलंतं. एकानं चावून बघितलंतं. मला ठावं हाय म्हणून पोरीला बोलू नगा. लाजंल."

दोघांनी मला बांधलं. सासरे गेले तेव्हा तरी तिला सांगायचं. नाही सांगितलं. पुढं वीस वर्षं ती पदक पूजेत पालथं मांडायची, अन् मी शब्द पाळतोय म्हणून मनात फुशारकी मारायचो. गाढव!

गेल्या साली दवाखान्यात, पांढऱ्या पडद्यातनं ऊन झिरपत होतं. ती म्हणाली, "आता आबा भेटतील. पदकाचं इचारलं तर काय सांगू?"

"गप पड. उद्या बोलू," मी म्हणालो.

सांजंला गेली.

आबांनी तिला सांगितलं असंल. बापाला कुठं राहवतंय? पण मग नवऱ्यालाबी सगळं ठाऊक होतं, हेसुद्धा तिला कळलं असणार. रागावली असंल. रागवू दे. माझी पाळी येईल तेव्हा खाली मान घालून ऐकून घ्यायचं, दुसरं काय!