कानाचं माप

जेवणाचा डबा विसळून झाला की डॉ. हेमलता गुंजाळ ध्वनिरोधक खोलीत शिरतात, जड दार ओढून घेतात आणि पेशंटच्या खुर्चीत पाय पसरून बसतात. बाहेर ‘चाचणी चालू आहे’ असा लाल दिवा लागतो. चाचणी कसली, ते विभागात सगळ्यांना ठाऊक आहे.

विद्यापीठाच्या श्रवणशास्त्र विभागातली ही सगळ्यात महागडी खोली. शेजारच्या संगीत विभागातली पेटी, कर्मचारी संघटनेच्या घोषणा, माळ्याचं गवत कापायचं यंत्र, यातलं काही म्हणजे काही आत पोचत नाही. सरकारने ती लोकांचे कान तपासण्यासाठी बांधून दिली. प्राध्यापकांनी तिथे वामकुक्षी सुरू करून तिचं सोनं केलं.

आज मात्र हेमलताबाईंचा डोळा लागता लागत नाही. सोमवारी कुलगुरूंना भेटायचं आहे. ‘गुडघे फार दुखतात हो, मुदतीआधीच मोकळं करा,’ असं सांगून विभागप्रमुखपद आणि शिकवणं, दोन्ही सोडून द्यायचं आहे. गुडघे ठणठणीत आहेत. बिघडलेत ते कान. वर्षभरात बारीक, पातळ आवाज एकेक करून न सांगता निघून गेले. मागच्या बाकावरच्या मुली शंका विचारतात, तेव्हा नुसते ओठ हलताना दिसतात. दुसऱ्यांच्या कानांना मशीन लावण्यात बाईंची हयात गेली. आता स्वतःच्या कानाचं सांगायचं कुणाला? दाताच्या डॉक्टरची कवळी भर सभेत निसटावी, तशातली गत.

शिकवणं सोडायचं तर आहे, पण सोडवत नाही. अशा अर्ध्या हो, अर्ध्या नाहीत मान एका अंगाला कलते, खोलीच्या भिंती कापसासारख्या फुगायला लागतात, आणि कुणीतरी म्हणतं,

“हेडफोन उलटा घातलायस. लाल उजव्या कानाला. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा चुकत नाहीत.”

काचेपलीकडे ऑडिओमीटरसमोर धारवाडकर सर बसलेले आहेत. नीळकंठ धारवाडकर. सायकल स्टँडच्या एका कोपऱ्यात पत्रे ठोकून ज्यांनी हा विभाग सुरू केला, हेमलताबाईंना ज्यांनी शिकवलं, आणि जे गेल्या दिवाळीनंतर वारले, तेच. अंगात तोच अर्ध्या बाह्यांचा खादीचा शर्ट. तब्येत सुधारलेली दिसते.

“सर, तुम्ही तर गेलात ना?”

“गेलो होतो. आलो. बस. शोकसभा छान झाली म्हणे. माइक कुणी आणला होता? मला वर एक अक्षर ऐकू आलं नाही.”

“खालीसुद्धा कुणाला ऐकू आलं नाही, सर.”

“श्रवणशास्त्र विभागाची सभा!” सर समाधानाने मान हलवतात. “परंपरा टिकवलीत.”

हेमलताबाईंना हसू फुटतं. 

“तिकडे काय करता, सर?”

“विभागच चालवतो. पण पदं मंजूर नाहीत. तासिका तत्त्वावर आहे.”

“वरसुद्धा?”

“अगं, वर तर जास्तच. तिथे फाइल हलवायची घाई कुणाला आहे? तुझा गुडघा कसा आहे?”

“एकदम छान, सर.” बोलून झाल्यावर बाई जीभ चावतात.

सर नुसते चष्म्यावरून बघतात. मग बाईंच्या हातात पेशंटचं बटण असतं. ते कुणी दिलं, कधी दिलं, विचारायला सवड मिळत नाही. “आवाज आला की दाबायचं,” सर सांगतात, जसं ते सगळ्यांना सांगत, शेतकऱ्याला, न्यायाधीशाला आणि एकदा खुद्द कुलगुरूंना.

बाई डोळे मिटतात. दाबतात. थोडं थांबतात, पुन्हा दाबतात. मग दोनदा सोडून देतात, आणि तिसऱ्यांदा दाबतात. अगदी नमुनेदार. असं उत्तर देणारा पेशंट मिळाला तर त्याला हार घालावा.

“वा,” सर म्हणतात. “फारच सुरेख. आता मशीन चालू करू का?”

बाई डोळे उघडतात. ऑडिओमीटरचा दिवा लागलेलाच नाही. त्याची वायर सरांनी गुंडाळून मांडीवर घेतली आहे.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या बापजन्मात होणार नाही. पेशंटला आवाज ऐकू आला की तो दहा डेसिबलने खाली न्यायचा, नाही आला की पाचाने वर, हा ताल बाईंच्या अंगठ्यात इतका मुरलेला आहे की कानाने सुट्टी घेतली तरी अंगठा हजेरी लावतो. वर्षभर त्या दाराला कडी घालून अशाच स्वतःची तपासणी करत होत्या. दर वेळी निकाल उत्तम. दर वेळी जरा जास्तच उत्तम.

“सर, हे जरा...”

“काही बोलू नकोस. पान वाढलंय.”

खरंच वाढलेलं आहे. काच नाही, खोली नाही. मंगल कार्यालयात पंगत बसली आहे. कुणाचं लग्न आहे ते कळत नाही, पण बँड आत बोलावलेला आहे, म्हणजे मुलाकडची मंडळी हौशी आहेत. हेमलताबाई आणि सर मांडीला मांडी लावून बसले आहेत. बाईंच्या कानात अजून हेडफोनचा दाब आहे आणि समोर केळीचं पान.

“खरी तपासणी ही,” सर बटाट्याच्या भाजीला हात घालत म्हणतात. “त्या बंद खोलीत काय, मांजरालासुद्धा ऐकू येतं. पंगतीत ऐकू आलं तर कान.”

वाढपी येतो, वाकतो, काहीतरी विचारतो. बँडवाल्याने नेमका त्याच वेळी ढोल बडवलेला असतो. बाई प्रसन्न हसतात आणि मान डोलावतात. पानात जिलबी पडते. दुसरा येतो, वाकतो. बाई हसतात, डोलावतात. पुन्हा जिलबी. तिसरा बहुधा ‘आता पुरे ना?’ असं विचारतो. त्यालाही बाई हसून डोलावतात, आणि तो गोंधळून दोन जिलब्या ठेवून जातो. बाईंच्या पानावर जिलब्यांचा बुरूज उभा राहतो. त्यापलीकडे सर दिसेनासे होतात.

बुरुजाच्या वरून सरांचे डोळे डोकावतात.

“दुसऱ्या वर्षाला शिकवतेस ना? हसून मान डोलावणाऱ्या पेशंटबद्दल काय सांगतेस मुलांना?”

“की... त्याला ऐकू येत नाही, असं समजावं.”

“आणि?”

“आणि त्याच्या बायकोला विचारावं.”

“तुझ्या नवऱ्याला विचारलं मी काल.”

“यांच्या स्वप्नात गेला होतात?” बाई ताठ होतात. “काय म्हणाले?”

“म्हणाला, हल्ली हिला काहीही विचारलं तरी हो म्हणते. संसारात इतकं सुख कधी नव्हतं. कृपा करून उपचार करू नका.”

बाई इतक्या जोरात हसतात की बुरूज कोसळतो. एक जिलबी घरंगळत थेट फळ्याखाली जाते, कारण फळा आता समोरच आहे. पंगत तशीच बसलेली, पण बाकांवर. मुलंमुली मठ्ठ्याचे पेले घेऊन वह्या उघडून बसली आहेत. बँडवाले मागे खिडकीशी उभे, टोप्या काढून, शिस्तीत. बाई सगळ्यांसमोर एका खुर्चीत, आणि शेजारी सर दोन्ही हातांनी गुलाबी पुट्टी मळत आहेत. मशीन कानात घट्ट बसावं म्हणून ज्या पुट्टीने कानाचं माप घेतात, तीच. सर ती पुरणासारखी मळतात, अंगठ्याने चाचपून बघतात.

“सर, हे काय करताय?”

“माप घेतोय.”

“इथे? वर्गात?”

“मग कुठे, कपाटात? तू आजवर पोरांना लोकांच्या कानाची मापं घ्यायला शिकवलीस. लोक खुर्चीत कसे घाबरून बसतात, हे तुला तरी कुठे ठाऊक आहे? बघू दे त्यांना. बघ तूही.”

आता मात्र बाईंना खरंच घाम फुटतो. मघापासून सगळं गमतीत चाललं होतं. पण समोर बसलेली तोंडं ओळखीची आहेत. उद्या हीच मुलं कॅन्टीनमध्ये बोलतील. ‘गुंजाळ मॅडमनाच ऐकू येत नाही!’ गुडघ्याची थट्टा कुणी करत नाही. गुडघा हा किती प्रतिष्ठित अवयव आहे.

“सर, मुलं हसतील हो.”

“हसू दे. हसलेलं ऐकू तरी येईल.”

सर नेहमीसारखा कापूस हातानेच वळून एक बोळा करतात. त्याला बांधलेला धागा कानाबाहेर लोंबता ठेवून बोळा हलक्या हाताने आत सरकवतात, पुट्टी खोलवर जाऊ नये म्हणून. मग पिचकारीने पुट्टी भरायला लागतात. थंडगार. एका बाजूचं जग हळूहळू विझतं, आणि बाईंना पहिल्यांदाच कळतं की इतकी वर्षं आपण लोकांना ‘काही होत नाही, काही होत नाही’ म्हणत होतो ते साफ खोटं होतं. होतं की. माणूस एकटा पडतो.

“काय करणार मग सोमवारी?” सर विचारतात.

बाई मान डोलावणार, इतक्यात सरांचं बोट वर होतं.

“मान नको. बोल.”

“पण पुट्टी ओली आहे. बोललं तर...”

“तर जबडा हलतो आणि माप जास्त चांगलं येतं. माझंच वाक्य आहे. तू परीक्षेत लिहिलं होतंस, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. बोल.”

वर्ग वाट बघतोय. बँडमधला तुतारीवालासुद्धा पुढे वाकलाय. बाई पदर सारखा करतात. इतक्या पेशंटांकडून वदवून घेतलेलं, इतक्या नातेवाइकांना समजावलेलं, साधं, चार-पाच शब्दांचं वाक्य. ते जिभेवर यायला नवरीसारखे आढेवेढे घेतं.

“मला,” बाई म्हणतात, “कमी ऐकू येतं.”

मागच्या बाकावरून एक हात वर होतो. एक सडपातळ मुलगी उभी राहते.

“मॅडम, मागे ऐकू आलं नाही. पुन्हा सांगता का?”

आधी सर हसतात. मग वर्ग हसतो. मग बँडवाले हसतात आणि राहवेना म्हणून एक तुकडा वाजवूनही टाकतात. त्या सगळ्या गदारोळात बाईंना मुलींचं हसणं ऐकू येतं, बारीक, पातळ, काचेच्या बांगड्यांसारखं. वर्षभर जे आवाज पसार होते, ते सगळे दाटीवाटीने दारातून आत येतात. बाई खुर्चीतून उठतात, गुडघ्यांना काडीचाही त्रास न होता, आणि गळा मोकळा करून, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं पुन्हा सांगतात,

“मला कमी ऐकू येतं! मशीन लावणार आहे! आणि तुम्हाला शिकवायचं काही मी सोडत नाही!”

मठ्ठ्याचे पेले उंचावले जातात.

सर पुट्टी सोडवून घेतात. ‘फट्’ असा आवाज होतो. हातात गुलाबी कान येतो, सगळ्या वळणांसकट. सर तो उजेडाकडे धरून बघतात, जसा सराफ मोती बघतो.

“सुरेख. हा मी नेतो. वरचा कारागीर चांगला आहे.”

“सर, थांबा ना थोडं. अजून खूप बोलायचंय.”

“तेच तर. तू बोलतेस, मी ऐकतो, असंच चाललंय तुझ्या पहिल्या वर्षापासून.” सर गुलाबी कान शर्टाच्या खिशात ठेवतात आणि त्या खिशाला उद्देशून काहीतरी अगदी हळू म्हणतात. काय, ते बाईंना कळत नाही. पण आपल्याबद्दल चांगलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं.

जड दार उघडतं.

“मॅडम...”

दारात रुखसाना मुजावर उभी आहे, विभागातली सगळ्यात तरुण प्राध्यापिका. तिच्या मागे उन्हाचा पट्टा. ती आणखी काहीतरी म्हणते. ओठ हलतात. हेमलताबाईंची मान सवयीने डोलायला निघते आणि अर्ध्या वाटेत थबकते.

“रुखसाना, मला ऐकू आलं नाही गं. पुन्हा सांग.”

रुखसाना जराशी चमकते. हे वाक्य या बाईंच्या तोंडून तिने कधी ऐकलेलं नाही.

“म्हटलं, चहा आलाय.”

“येते. पण चहा झाला की माझी तपासणी करायची. तू करायचीस, मी नाही. ऑडिओग्राम जसा येईल तसा. मला वर्षभर कमी ऐकू येतंय.”

रुखसाना मग हळूच म्हणते, “आम्हाला माहीत होतं, मॅडम.”

“काय?”

“आम्हाला माहीत होतं!” रुखसाना मोठ्याने म्हणते आणि दोघी एकदमच हसायला लागतात. हसता हसता ती पुढे येते, वाकते, आणि तिचं हसू थांबतं. “मॅडम, कानातून हे काय लोंबतंय?”

बाई हात लावतात. उजव्या कानातून एक धागा खाली आलाय.

रुखसाना सवयीने टॉर्च पेटवते, कान वर ओढून आत बघते, आणि धागा धरून हलकेच खेचते. कापसाचा छोटासा बोळा तिच्या तळहातावर येतो. त्याच्या एका कडेला गुलाबी कण चिकटलेले.

“दुसऱ्या वर्षाच्या पोरांचं काम असणार,” रुखसाना म्हणते. “सरावासाठी कान मिळेना की ही कुणाचाही पकडतात. झोपेत माप घेतलं तुमचं, आणि बोळा आतच विसरले, गाढवं.”

“असेल,” बाई म्हणतात.

रुखसाना बोळा उजेडाकडे नेते, बोटांत फिरवते. तिच्या कपाळाला आठी पडते.

“पण मॅडम, आपल्याकडचे बोळे तर कंपनीकडून धागा लावून तयार येतात. हा कुणीतरी हाताने वळलाय.”