‘ऑन-द-जॉब ट्रेनिंग’ कुठे गेलं?

“हा विषय मेलाय,” कविताचे गाईड सर तिला म्हणाले. “कमिटी पाच मिनिटांत फेकून देईल. एआय घे. सगळे तेच वाचतायत.”

ते क्लासला निघून गेले. कविता लॅपटॉप उघडा ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

मी तंजावूरच्या एका विद्यापीठात ग्रंथपाल आहे. घरी, राजवाड्यामागच्या गल्लीत, मराठी. इथे दिवसभर तमिळ आणि इंग्लिश. पुस्तकं देणं-घेणं आता थोडंच उरलंय. कोणत्या विषयावर जगात काय लिहिलं जातंय, ते शोधून देणं हेच मुख्य काम.

कविताची पीएचडी ह्यूमन कॅपिटलवर. म्हणजे माणसाचं शिक्षण, कौशल्य, तब्येत हे भांडवल धरायचं आणि ते कसं वाढतं ते बघायचं. तिचे वडील ओरत्तनाडूजवळ राईस मिलमध्ये मेकॅनिक आहेत. कॉलेजचं तोंड न बघता, काम करता करताच शिकले. म्हणून तिला ऑन-द-जॉब ट्रेनिंगच हवं होतं.

अडचण आलेखात होती. पेपरखाली लेखक काही शोधशब्द देतो, त्यांना कीवर्ड म्हणतात. कोणता शब्द कोणत्या वर्षी किती पेपरांत आला, ते सॉफ्टवेअर मोजतं. तिच्या कीवर्डची रेघ बरीच वर्षं चढली होती आणि मग उतरतच गेली होती.

“मॅडम, लोकांनी शिकवणं बंद केलं की लिहिणं?”

“रेघेवरून ते कळत नाही.”

“मग हे लिहिणारे सगळे रिटायर झाले का?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आम्ही जुन्या पेपरांवरची नावं घेतली आणि ती माणसं आता काय लिहितात ते शोधायला बसलो.

बरेच जण लिहीतच होते. नवा कामगार जुन्याकडून कसा शिकतो, तेच. फक्त एकाच्या पेपरखाली कीवर्ड होता ‘वर्कप्लेस लर्निंग’. दुसऱ्याने आणखी वेगळाच दिला होता.

“दुकान तेच, पाटी नवी!” मी म्हटलं. कविता इतकी हसली की रीडिंग हॉलमधल्या माना वर झाल्या.

नवे शब्द घालून आलेख पुन्हा काढला. रेघ वरच जात होती. मी तिथेच थांबले असते. ती मात्र एकेक पेपर उघडून वाचत बसली.

“मॅडम, यात मिल नाही. गॅरेज नाही. सगळं बँक, हॉस्पिटल, आयटी.”

मला वाटलं, आणखी एखादा शब्द सुटला असेल. सुचतील ते सगळे घालून पाहिले. छोट्या वर्कशॉपवरचं लिखाण खरंच विरळ झालं होतं.

विषय मंजूर करणाऱ्या कमिटीसमोर तिने दोन्ही आलेख ठेवले. गाईड सर हाताची घडी घालून बसले होते, मी मागच्या खुर्चीत.

“छोट्या वर्कशॉपकडे संशोधक का जात नाहीत?” बाहेरून आलेल्या प्राध्यापिकेने विचारलं.

“माहीत नाही, मॅडम. तेच शोधायचंय.”

मग गाईड सरच म्हणाले, “त्यासाठी वर्कशॉपमध्ये जाऊन बसावं लागेल. लायब्ररीत बसून होणार नाही.”

विषय पास झाला. त्यासोबत वर्षभराचं फील्डवर्क गळ्यात पडलं. सध्या ती तिरुवैयारूच्या एका गॅरेजमध्ये बसते. तिथला मालक तिला इन्स्पेक्टर समजून अजून नीट बोलत नाही.

आता कुणी घसरलेली रेघ घेऊन आलं की मी आधी विचारते, विषय संपला की नाव बदललं? बहुतेकदा दोन्ही थोडं थोडं असतं. सॉफ्टवेअर शब्द मोजून देतं. पेपर वाचायचं काम अजून आपल्याकडेच आहे.