निघालेलं जहाज

ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या आमच्या गल्लीत बहुतेक घरांच्या बैठकीत खिळे-दोऱ्याचं जहाज असे. प्लायवूडवर काळी मखमल, तिच्यावर ठोकलेले बारीक खिळे आणि खिळ्यांना ताणून गुंडाळलेला रेशमी दोरा. लग्नाच्या मुलीने ते करायचं. बघायला पाहुणे आले की तिचं कसब म्हणून ते दाखवलं जाई. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. त्यामुळे शिडं एकीकडे फुगलेली आणि वरचं निशाण मात्र उलट्या बाजूला फडकणारं, ही चूक घरोघरी होती.

मी निशाण वाऱ्याच्या दिशेने वळवलं. जहाज पुरं झालं तेव्हा ते असं टांगलं, की त्याचं तोंड दाराकडे राहावं. मोठ्या भावाने कारण विचारलं.

"ते निघालंय," मी म्हटलं.

मला जळगावला चित्रकला शिक्षकाचा कोर्स करायचा होता. घरात हे फक्त त्याला सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी अर्ज भरून त्याच्या हाती दिला. कामासाठी तो दर आठवड्याला जळगावला जायचा. परत आल्यावर म्हणाला, "दिला."

पुढच्या महिन्यात शिरपूरकडचे पाहुणे मला बघायला आले. मुलाचे आजोबा जहाजापुढे उभे राहिले. त्यांना सगळे नाना म्हणत.

"हाई बठ्ठं पोरनी करेल शे?"

"हो नाना, सगळं तिनेच केलंय," आई म्हणाली.

"आमनी तापीमा चालनार नही हाई!"

सगळे हसले. जहाज कुठे चाललंय, असं नानांनी विचारलं. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाललं नाही नाना, घरी परत येतंय. तीच म्हणते. लांब राहणं तिला जमतच नाही."

नानांनी समाधानाने मान हलवली. माझं वाक्य त्याने माझ्याच नावावर उलटं केलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "दादा, अर्जाची पोच कुठे आहे?"

"पोच कसली? अर्ज कपाटात आहे."

"आणि शेवटची तारीख?"

"मंगळवारी गेली."

"नानांना बघायला या म्हणून पत्र कधी टाकलंस?"

आई कपबशा गोळा करत होती. तिला अर्जाचं काहीच माहीत नव्हतं. ती सहज म्हणाली, "महिना झाला की गं. तुझं जहाज पुरं झालं ना, त्याच रात्री बसून लिहिलं त्याने."