ओळीची वाटणी

अक्का माझ्या पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. तिची शिवण सरळ, बोलणं त्याहून सरळ. "हा रंग तुमच्या भिंतीला शोभणार नाही," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून तिने माझी किती विक्री बुडवली असेल, देव जाणे. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणते, "एक पोर सांभाळलं ना मी, बास झालं." ते पोर म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बारक्या. आता त्याचेही केस पिकलेत. तो शाळेची व्हॅन चालवतो.

दोघं आईची गाणी गातात. लहानपणी आधी कोण म्हणणार यावरून हाणामारी व्हायची, म्हणून आईने प्रत्येक ओळीची वाटणीच करून टाकली. पहिला अर्धा भाग अक्काचा, उरलेला बारक्याचा. दुसऱ्याच्या वाट्यात तोंड घालायचं नाही. आई गेल्यावरही त्यांनी हे पाळलं.

यंदा बारक्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढली तर आवाज जाईल. नाही काढली तर माणूस जाईल. बारक्या हटून बसला. "आईची गाणी अर्धी करून मला जगायचं नाही." अक्काने समजावलं, रडून पाहिलं, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात आमच्या दुकानात त्यांचं गाणं ठरलं. कापडाचे गठ्ठे भिंतीला सारले, खुर्च्या मांडल्या, शेजारपाजारची माणसं आली. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपला दाराशी उभा राहिलो, कंटाळा आला तर सटकता येतं.

दोन गाणी ठरल्याप्रमाणे झाली. तिसऱ्यात अक्काने आपला अर्धा भाग म्हटला, बारक्याने श्वास घेतला, आणि अक्का थांबलीच नाही. त्याचा भागही तीच म्हणून मोकळी झाली. पुढची ओळ तशीच, त्याच्या पुढचीही. शेवटी आवाज खाली सोडून द्यायची त्याची खोडसुद्धा तिने उचलली होती. बारक्याचं तोंड उघडं ते उघडंच. लोकांना वाटलं, हीच यांची पद्धत, टाळ्या पडल्या. मला मात्र अक्काचा संताप आला. आजारी भावाचा असा चारचौघांत पाणउतारा करायचा?

माणसं पांगल्यावर बारक्या उसळला. "माझा भाग कधी शिकलीस तू?"

"तू गाता गाता झोपायचास. मग मीच पुरं करायची. आईला माहीत होतं."

"मग एवढी वर्षं माझी गरज काय होती?"

अक्का खुर्च्या एकावर एक रचत होती. "गाण्याला नव्हतीच," ती म्हणाली. "गाण्याचं तुझ्यावाचून काही अडत नाही, बारक्या. माझं अडतं."

तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. मग म्हणाला, "दवाखान्यात तू चल बरोबर. मला एकट्याला भीती वाटते, अक्का."