माळ्यावरचं भात

येता-जाता ती माझ्या गिरणीत शिरायची, कुणाच्याही डब्यातलं ताजं पीठ चिमटीत घ्यायची आणि गालाला लावून बघायची. मग मला म्हणायची, "गिरणीवाले, ताप आलाय गो तुज्या पिठाला." बायका हसायच्या. ज्या बाईचं पीठ असेल ती तेवढी डबा झाकून घ्यायची.

आता ही कोण, तर आसपासच्या गावांतली, माझ्याकडे कधीही दळायला न आलेली एकुलती एक बाई. मुरबाडच्या बाजूला, रस्त्याला लागून माझी गिरणी. पीठ दळते, भातही भरडते. नवरा गेल्यावर मीच सगळं शिकले, पट्टा बसवण्यापासून. तिचं घर वर, डोंगराच्या पदरात, अर्ध्या तासाच्या चढावर एकटंच. विजेचे खांब माझ्या दारापर्यंत आले आणि थांबले. वायरमन एकदा वर जाऊन तिला म्हणाला, अर्ज करा, लाइट मिळेल. ती म्हणाली, "रातीला आमी झोपतो. तुमी काय करता?" तो बिचारा खाली येऊन माझ्याकडे पाणी प्यायला. "काकी, आता काय सांगू त्यांना?"

आणि लाइट गेली की तिला कोण आनंद! पाच-सहा बायका डबे घेऊन खोळंबलेल्या, मी कपाळाला हात लावून बसलेली, आणि ही ओट्यावर पाय पसरून, "माजं जातं बग, कदी बंद पडतं काय? हात हाय तवर पीठ हाय."

मी म्हणायचे, "हात मोडला म्हणजे येशील."

"तेव्हा पन नाय येनार. कच्चं खाईन."

अशी बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण हिचं खरंच सगळं घरचं होतं. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरई, भात काढलं की त्याच ओलीवर वाल. तेल मोहाच्या दोड्यांचं, म्हणजे बियांचं, पाणी झऱ्याचं. बाजारातून मीठ, कापड आणि काडेपेटी. काडेपेटीवरूनही ती नवऱ्यावर कुरकुरायची, की चुलीतला निखारा राखेत जपता येत नाही, आळशी झालाय. नवरा अगदी कमी बोलायचा. दोघांचं बोलायचं काम तिने एकटीने अंगावर घेतलं होतं. एकच मुलगा, तो कल्याणला गोडाऊनमध्ये कामाला.

बियाबद्दल मात्र थट्टा नाही. बाकी सगळ्यांनी कधीच पिशवीतलं बियाणं धरलं. हिचं सासूच्या हातून चालत आलेलं. कापणीआधी उभ्या पिकात फिरून जाड-जाड लोंब्या ती स्वतः खुडायची. "उपाशी राहीन, मागून खाईन, पन बियाला हात नाय लावनार," म्हणायची. ते ठेवते कुठे, हे मी कधी विचारलं नाही. मी गिरणीवाली. येईल ते दळायचं.

मागच्या वर्षी वैशाखात तिचा नवरा गेला. छातीत कळ आली, झोळी करून खाली आणत होते, तो माझ्या दारापर्यंत येईतो संपला होता.

मी वर गेले तर ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. येणारी बाई गळ्यात पडून रडायची, डोळे पुसून उठायची, आणि ही दुसऱ्या कुणाच्या घरी आल्यासारखी बघत राहायची. पाणी दिलं तर प्यायची. नाही दिलं तर मागायची नाही.

दहा-अकरा दिवस माणसं जेवत होती. कणगी तळाला गेली. बाराव्याला खालची दोन्ही गावं येणार, आणि पुरुष लाकडं आणायला रानात गेलेले. सून कल्याणची, तिला शेतातलं काही ठाऊक नाही. ती घाबरून मला म्हणाली, "काकी, तांदूळ कुठून आणायचा?" मी वर पाहिलं. माळ्यावर एक लहान कणगी होती, शेणाने तोंड लिंपून बंद केलेली. मी हिच्याजवळ बसले आणि विचारलं, "माळ्यावरचं काढू का गो?"

तिने मान हलवली. होकाराची. मी आजही सांगते, होकाराचीच.

पोत्यात भरून आम्ही ते माझ्या गिरणीत आणलं. भरडायला ओतताना त्यातून निरगुडीचा वाळका पाला निघाला. कीड लागू नये म्हणून घालतात तो. एवढं जपून कुणी काय ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी पाला फुंकून टाकला आणि गिरणी चालू केली. तिच्या घरचं धान्य पहिल्यांदा माझ्या गिरणीत आलं होतं, आणि मला, काय सांगू, बरंच वाटलं.

पंगती उठल्यावर तिच्यापुढे ताट ठेवलं. पहिला घास घेतला आणि ती थांबली. दोन शितं बोटांवर धरून बघितली.

"कुठला हा?"

"माळ्यावरचा. तुला विचारलं ना मी?"

"हां." ती शितं तोंडात टाकून म्हणाली, "मोटा दाना हाय. बियाचं भात आमी कदी खाल्लंच नवतं."

ती मला शिव्या देईल म्हणून मी थांबले होते. तिने ताट संपवलं. वर थोडा मागून घेतला.

ज्येष्ठात मी मुरबाडहून बियाण्याची पिशवी आणली आणि डोक्यावर घेऊन वर चढले. म्हटलं, "माझं चुकलं गो."

"तू इचारलंस ते ऐकलं मी. आत नाय पोचलं," एवढंच म्हणाली. पिशवी घेतली. पेरलं, लावलं, कापलं. पीक आधीच्या भातापेक्षा जास्त आलं. पण लोंब्या खुडायला ती काही फिरली नाही. यातलं ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर धड येत नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि मीच ते तिला सांगितलं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी ती नाचणीचा डबा घेऊन माझ्या दारात. रांगेत सगळ्यात मागे डबा ठेवला.

"जातं मोडलं काय गो?"

"नाय. हाय."

"मग?"

"असूंदे."

लाइट गेलेली होती. तासभर ती बाकीच्या बायकांसारखी भिंतीला टेकून बसली. लाइट आली, तिचा नंबर आला, दळून दिलं. मीच म्हटलं, "बघ, ताप आलाय पिठाला." ती "हो" म्हणाली आणि डबा उचलून गेली.

यंदा मी पिशवी आधीच आणून ठेवली होती. वैशाख सरता-सरता मुलगा जीप घेऊन आला. ती मागे बसलेली, मांडीवर गाठोडं. उतरली नाही. मुलगा म्हणाला, "आईला नेतोय, काकी. वर एकटीला कसं ठेवायचं? आज पहाटे उठून तिने राब भाजला. पेरायचं नाय तर कशाला भाजतेस विचारलं, तर कडेची माती ओढतच राहिली."

मी जीपजवळ गेले. तिचा हात हातात घेतला. तो तिने काढून घेतला नाही, दाबलाही नाही.

आठ दिवसांनी मी उगाचच वर गेले. दाराला तार गुंडाळलेली. खाली खाचरात तिने भाजलेला राब, रोपं करायची जागा, पाला-गोवऱ्या जाळून काळी केलेली. कडेने माती ओढून नीट चौकोन केला होता, कडेची एक काटकी इकडे-तिकडे नाही. निघताना दोन कोंबड्या मुलाच्या हाती लागल्या नव्हत्या वाटतं. त्या राखेत उकरत होत्या. पेरलेला एक दाणा तिथे नव्हता, तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी सगळं उकरून ठेवलं होतं.