विहिरीचं पथ्य

शरद गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंदमाताला भाचीच्या लग्नाच्या साड्या बघत होतो. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे गेले." दुकानदार समोर पदर पसरत होता आणि त्याला थांबा म्हणायचंही मला सुचेना... याला आता दीडेक महिना होईल. जवळचा माणूस गेला की दुःख होतं हे ठाऊक होतं, इतकं थकायला होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

शरद फणसवाडीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि निवृत्त झाल्यावर समोर वर्ग उरला नाही म्हणून आम्हाला शिकवायचा. वाडीच्या मधोमध जुनी विहीर आहे. डासांच्या अळ्या खायला तिच्यात कधीकाळी गप्पी मासे सोडलेले. विहीर म्हणजे देव, म्हणून घरोघरचं निर्माल्य तिच्यात. आणि मुक्या जिवांना घातलेलं पुण्याचं, म्हणून उरलेला पाव, कुरमुरे, प्रसादाचा शिरा तोही तिच्यातच. एका श्रावणी सोमवारी सगळ्यांचीच भक्ती उतू गेली आणि मंगळवारी सकाळी मासे पोटं वर करून तरंगताना दिसले. पाण्याला घाण वास. कुणीतरी विष घातलं म्हणून वाडी पेटली, जागेवर डोळा असलेल्या बिल्डरच्या नावाने बोटं मोडून झाली. शरद कठड्याशी उभा राहून सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "विष कोणी नाही घातलं रे. आपणच जेवू घालून मारले त्यांना."

आणि तिथेच त्याने तास घेतला. मासे अळ्या खातात, माशांच्या घाणीवर शेवाळ पोसतं, शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि त्यावर मासे जगतात. पडलेलं पान कुजवायला डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, पण श्वास त्यांनाही लागतो. चार पानं असली तर सगळ्यांचं भागतं. टोपलीभर हार आणि पाव पडले की ते कुजवता कुजवता तेच पाण्यातला प्राणवायू संपवतात. एका काकूंनी विचारलं, मग देवाची फुलं काय गटारात टाकू? तो म्हणाला, चाफ्याच्या मुळाशी घाला, मातीची भूक मोठी असते. पटलं सगळ्यांना. पण आमच्याकडे पटणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं. पुन्हा मासे आणून सोडले, पुन्हा फुलं पडू लागली. मग शरदने लांब बांबूला जाळी बांधली आणि रोज सकाळी पडलेलं सगळं उपसून चाफ्याखाली घालू लागला. वर्षानुवर्षं! लोक टाकायचे, तो काढायचा. शेवटी शेवटी धाप लागायची, तेव्हा कठड्यावर बसून मला म्हणायचा, "तू शिकून घे, मी काय अमरपट्टा घेऊन आलेलो नाही." मी पाठीचं निमित्त सांगायचो. तो हसायचा, म्हणायचा, "पाठ तुझी आणि मरण माझ्या माशांचं."

तेराव्याला वाडी लोटली. त्याचा जीव विहिरीत होता हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून संध्याकाळी फोटोवरचे हार, आणि त्याला आवडायची म्हणून पानभर पुरणपोळी, सगळं मोठ्या प्रेमाने विहिरीत सोडलं. रडत, हात जोडून. कुणाला काय बोलणार? माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. लोक पांगल्यावर मी कठड्याशी जाऊन बघितलं. झेंडू पाण्यावर पसरला होता आणि मासे कडेकडेला गोळा झाले होते. इतका राग आला शरदचा, मध्येच उठून गेल्याचा.

सुमनवहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, बांबू दाराआड आहे."

बांबूला त्याचा हात लागून लागून एक गुळगुळीत जागा झाली आहे. माझा हात आपोआप तिथेच बसला. पोळी आधी निघाली, भिजून जड झालेली. मग हार, एकेक करून. पाठ दुखत होती. त्याच्याच गळ्यातली फुलं त्याच्याच जाळीने काढून चाफ्याच्या मुळाशी घातली आणि वर चार मुठी माती लोटली.

रोज जातो. लोक अजून टाकतातच.