मामांचे साचे

मामीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. "मामा गेले," ती म्हणाली. मग, "येताना दूध घेऊन ये. लोक येतील." मी दोन पिशव्या दूध घेऊन दिल्लीत सरोजिनी नगरजवळच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये पोहोचले, चहा केला, कप विसळले... रडायचं राहूनच गेलं. त्याला आता सहा आठवडे झाले. मामांबद्दल चांगलंच लिहावं असं वाटतं. पण नुसतं चांगलं लिहिलं, तर ते मामा राहणार नाहीत.

मामा एका मंत्रालयात कारकून होते. माझे वडील गुरुग्रामला एका साहेबांची गाडी चालवतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून कॉलेज जवळ पडावं यासाठी मामांकडे राहिले. मामांचा जीव मात्र ऑफिसात नव्हता, बाल्कनीत होता. तिथे जुन्या मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक तापवून ते मासे पकडायची मऊ प्लास्टिकची आमिषं बनवत. गांडुळं, बेडूक, बोटभर मासे. दुधासारखं पांढरं द्रावण तापवलं की आरपार दिसायला लागतं. त्यात रंग मिसळून ते अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतायचं. दिल्लीतले हौशी लोक ती आमिषं घेऊन पहाडातल्या नद्यांवर जात. साचे मामांनी स्वतः कोरलेले होते.

मला ते काम शिकायचं होतं. खरं सांगायचं तर, मी ओतलेलं एक तरी गांडूळ मामांनी विक्रीच्या पिशवीत टाकावं, एवढंच हवं होतं. दोन वर्षं मी दर रविवारी ओतत होते. मामा गांडूळ उजेडाला धरत, शेपटी ओढून बघत. "ये देखो, बी.एस्सी. मॅडमचा बुडबुडा! माशालासुद्धा लाज वाटेल गं." आणि ते परत भांड्यात. हे प्लास्टिक पुन्हा वितळतं, त्यामुळे मी केलेलं काहीच शिल्लक नाही. एकदा धीर करून विचारलं, "मामा, यात काय चुकलं?"

"तेच तर. तुला दिसत नाही."

"अहो, पोरीला किती बोलाल?" मामी आतून म्हणाली.

"पोरगी कुठे, केमिस्ट आहे ती," म्हणून मामा स्वतःच हसले. मीही हसले... का, ते माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात मामांचा जुना आजार वाढला, हात थरथरू लागले. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आधी त्यांनी तीन दिवस बसून एक शेवटची ऑर्डर ओतली. "फक्त भरून ठेव. बाकी डोकं चालवू नकोस," मला म्हणाले. ते नेहमी साध्या मऊ पिशव्यांत भरत. मला वाटलं, ओतणं नाही तर निदान हे तरी त्यांना आवडावं. मी बाजारातून कडक, पारदर्शक, खणांच्या डब्या आणल्या आणि रंगांप्रमाणे सगळी आमिषं लावली. फार सुंदर दिसत होती. आठवड्याने मामा घरी आले आणि त्यांनी डबी मागितली. झाकण निघेना, शेवटी ओढून काढलं. आत सगळ्याचा मिळून एक चिकट लगदा झाला होता, डबीचा तळही त्यात विरघळला होता. मऊ प्लास्टिकमधलं तेल कडक प्लास्टिकला खातं. त्याच सत्रात मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. माफी मागताना मी तेसुद्धा सांगून टाकलं.

मामांचं बोट लगद्यात रुतलेलं होतं. "किती मार्क मिळाले होते?" त्यांनी विचारलं.

"दहापैकी नऊ."

ते माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतर ते जेमतेम दोन आठवडे जगले, पण पाणीसुद्धा त्यांनी मामीच्याच हातून घेतलं.

तेराव्यानंतर गुरुग्रामचं त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. मामीने सगळे साचे कापडात बांधून त्यांच्यापुढे ठेवले. मी तिच्याकडे बघतच राहिले. "त्यांनीच सांगितलं होतं गं," ती खाली मान घालून म्हणाली. "तिला देऊ नकोस म्हणाले. ती हे काम सोडणार नाही, आणि तिला ते यायचंही नाही." मामी वाईट नाही. तिने फक्त निरोप दिला.

"बेटा, आप भी बनाती हैं?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"जी नहीं," मी म्हटलं. मग द्रावण किती तापवायचं, साचा आधी कोरडा का लागतो, कुठल्या वेगाने ओतलं तर हवा अडकत नाही, हे सगळं त्यांना सांगितलं. पिशवीतच ठेवा, हेही सांगितलं. त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं.

मला ते खरंच आलं नसतं का, हे आता कधीच कळणार नाही.

क्वार्टर रिकामी करायला अजून काही महिने आहेत. बाल्कनीत मामीने माझ्यासाठी टेबल मांडलंय. तिथेच बसून हे लिहितेय. समोरच्या कठड्यावर कधीतरी सांडलेले लाल-हिरवे थेंब आहेत. नखाने ओढले तर ताणतात, सोडले की पुन्हा जागेवर बसतात. मामी पडदा सारून विचारते, "आता अभ्यासाला जागा पुरते ना गं?"

मी म्हणते, "पुरते."